आर्थिक वार्तेची पारख

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजेच 'पीएमसी'वर, रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. मुंबई-ठाण्यातील अनेक ठेवीदारांना ही वार्ता वृत्तपत्रांतून कळली नाही. ती भ्रमणध्वनीवरच्या संदेशातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणि शाखेबाहेरच्या रांगेतून कळली. खात्यातून सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील, हे वाचून कित्येकांना तो कुणाचा तरी खोडसाळपणा वाटला. दुर्दैवाने तो खरा निघाला. त्याच आठवड्यात दुसरा संदेश फिरू लागला. रिझर्व्ह बँक नऊ व्यापारी बँका कायमच्या बंद करीत आहे, तेव्हा आपले पैसे ताबडतोब काढून घ्या आणि आप्तेष्टांनाही कळवा, असे त्यात म्हटले होते. यादीत बँक ऑफ महाराष्ट्रचेही नाव होते. हा संदेश मात्र निखालस खोटा होता आणि रिझर्व्ह बँकेला २५ सप्टेंबर रोजी त्याचा जाहीर इन्कार करावा लागला.

दोन्ही संदेश एकाच पडद्यावर आले आणि बहुधा एकाच आप्ताने पाठवले. खरा होता तो अविश्वसनीय वाटत होता. खोटा होता तो, पीएमसीची दशा ताजी असल्याने, अगदी संभवनीय वाटत होता. आर्थिक वार्तेच्या बाबतीत केवळ अंतर्मनाच्या कौलावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

तरीही खोट्या संदेशात त्याच्या खोटेपणाची खूण होतीच. यादीत देना बँकेचे नाव होते. ही बँक १ एप्रिल २०१९ रोजीच बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली होती. सहा महिन्यांपूर्वी जिचे स्वतंत्र अस्तित्व संपले, ती बँक रिझर्व्ह बँक नव्याने बंद कशी करणार? यादीतील बहुतेक बँका त्याआधीच्या काळात 'त्वरित सुधारणा कारवाई'च्या चौकटीत आल्या होत्या, एवढाच काय तो सत्याचा अंश. या चौकटीत बँकेच्या कर्जवाटपावर आणि शाखाविस्तारावर मर्यादा येतात. ठेवीदारांच्या दैनंदिन व्यवहारांना बाध येत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्येच केला होता. अफवा सहसा निव्वळ कल्पनेतून जन्मत नाही. एखाद्या जुन्या, अर्धवट समजलेल्या वस्तुस्थितीला ती आजची तारीख चिकटवते.

या कथेला दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाजू आहे. पीएमसी बँकेचा २०१८-१९ चा लेखापरीक्षित अहवाल सर्वांसाठी उपलब्ध होता. त्यात ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण अवघे ३.७६ टक्के दाखवले होते. प्रत्यक्षात बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती उभी करण्यात आली होती. म्हणजे ज्या दस्तऐवजावर ठेवीदाराने डोळे मिटून विश्वास ठेवावा, तोच फसवा होता. या पार्श्वभूमीवर 'अधिकृत तेवढे खरे, बाकी सारे खोटे' हा सोपा नियम टिकत नाही. आपली मिळकत जेथे गुंतली आहे, तेथे प्रत्येक विधान त्याच्या गुणदोषांवर तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

जुनीच परंपरा

रूढ चाकोरीबाहेरचे वृत्तस्रोत ही आजच्या काळाची निर्मिती आहे, असा एक समज आहे. पण व्यापाराइतकीच ही गोष्ट जुनी आहे. पॉल ज्युलियस रॉयटर याने १८५० साली आखेन आणि ब्रुसेल्स या शहरांदरम्यान बाजारभावांच्या बातम्या कबुतरांकरवी पोहोचवल्या. तारायंत्राची तार या दोन शहरांमध्ये तेव्हा जोडलेली नव्हती, एवढ्या फटीत त्याचा व्यवसाय उभा राहिला. आज जिचे नाव प्रमाण मानले जाते त्या वृत्तसंस्थेचा आरंभ असा पंखांवरून झाला.

आपल्या मुंबईनेही वार्तेच्या वेगाची किंमत फार लवकर मोजली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि शहरात पैशांचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपलीकडे गेला. बोटीने येणारी विलायतेची खबर इतरांआधी मिळावी म्हणून त्या तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद बंदराबाहेर आपल्या होड्या पाठवीत, असे सांगितले जाते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली आणि सारा डोलारा कोसळला. बाजारात तेव्हाही कंड्या पिकत होत्या. फरक एवढाच, की त्या पिकवणारा माणूस चौकात उभा असे आणि उद्या त्याला गाठता येई. आजचा वार्ताहर टोपणनावाआड असतो आणि त्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत त्याचा कार्यभाग उरकलेला असतो.

आजच्या काळात या वर्गात येणारे स्रोत अनेक आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरील गट, टेलिग्रामवरील वाहिन्या, यूट्यूबवरील चित्रफिती, समभाग विश्लेषणाची खासगी पत्रके, मंदीवाल्या संशोधन संस्थांचे अहवाल, कंपनीतल्या असंतुष्ट कर्मचाऱ्याची निनावी पत्रे. यांतील काही ठकबाजीची साधने आहेत. काहींनी मात्र नियामकांच्या आणि नामांकित वृत्तपत्रांच्या कितीतरी आधी खरा प्रकार उजेडात आणला. दोन्ही प्रकारची उदाहरणे तपशिलात पाहण्याजोगी आहेत.

साधना ब्रॉडकास्टचे प्रकरण

साधना ब्रॉडकास्ट ही शेअर बाजारात नोंदलेली एक छोटी कंपनी. २०२२ च्या जुलै महिन्याच्या उत्तरार्धात यूट्यूबवरील 'द अ‍ॅडव्हायझर' आणि 'मनीवाइज' या दोन वाहिन्यांवर या कंपनीविषयी चित्रफिती झळकल्या. अदानी समूह ही कंपनी ताब्यात घेणार आहे, त्यानंतर नफ्याचे प्रमाण वाढेल, कंपनी दूरचित्रवाणी कार्यक्रमांकडून चित्रपटनिर्मितीकडे वळत आहे, एका बड्या अमेरिकी कंपनीने भक्तिपर चित्रपटांसाठी तिच्याशी ११०० कोटी रुपयांचा करार केला आहे, असे दावे त्यांत छातीठोकपणे केले होते. चित्रफिती अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून जाहिरातींवर मोठा खर्च करण्यात आला. भाव आणि उलाढाल दोन्ही उसळले. सेबीच्या २ मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार या काळात कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या सुमारे दोन हजारांवरून ५५ हजारांवर गेली. हे नवे भागधारक चढ्या भावाने खरेदी करीत असताना विकत कोण होते? काही प्रवर्तक भागधारक, कंपनीच्या व्यवस्थापनातील मंडळी आणि चित्रफितींच्या कर्त्याकरवित्यांशी संबंधित खाती. मे २०२५ मध्ये सेबीने अंतिम आदेश देऊन ५९ व्यक्ती व संस्थांना एक ते पाच वर्षांसाठी बाजारबंदी केली आणि अवैध लाभाचे ५८ कोटी रुपये व्याजासह परत करण्यास सांगितले.

सेबीचा आदेश येण्यास सात-आठ महिने लागले, हे खरे. पण चित्रफीत पाहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारास त्याच संध्याकाळी काय तपासता आले असते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. नोंदणीकृत कंपनीचे २५ टक्के वा अधिक मतदान हक्क कोणी घेऊ पाहत असेल, तर २०११ च्या अधिग्रहण नियमांनुसार त्याला सर्वसामान्य भागधारकांपुढे खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. त्याची जाहीर घोषणा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते. साधना ब्रॉडकास्टच्या बाबतीत अशी कोणतीही घोषणा नव्हती. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्ट २०२२ रोजी, अदानी समूहाने एका प्रसारमाध्यम कंपनीचे अधिग्रहण खरोखरच जाहीर केले. ती कंपनी होती एनडीटीव्ही. २६ टक्के समभागांसाठी प्रतिसमभाग २९४ रुपये भावाचा खुला प्रस्ताव त्याच दिवशी सर्वांसमोर आला. खरे अधिग्रहण आणि काल्पनिक अधिग्रहण यांतला फरक डोळ्यांत भरावा असे याहून उत्तम उदाहरण क्वचितच मिळेल. खऱ्या व्यवहाराची कागदोपत्री पावले उमटतात आणि ती टाळता येत नाहीत.

अकराशे कोटींच्या कराराचेही तसेच. अशी महत्त्वाची घडामोड कंपनीने शेअर बाजारास ताबडतोब कळवणे बंधनकारक असते. सध्याच्या नियमांनुसार कंपनीच्या अंतर्गत घडामोडींसाठी बारा तासांची आणि बाहेरून उद्भवलेल्या घडामोडींसाठी चोवीस तासांची मुदत आहे. संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णयांसाठी ती आणखी कमी आहे. कंपनीने बाजाराला जे सांगितले नाही ते एखाद्या यूट्यूबकाराला सांगितले असेल, तर तो आतल्या माहितीचा बेकायदा वापर ठरतो. सांगितले नसेल, तर ती थाप. दोन्ही परिस्थितींत त्या माहितीवर पैसे लावणे गैरच.

येथे एका नव्या नियमाचा उल्लेख करावयास हवा, कारण त्याविषयी बराच गैरसमज आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, अफवेमुळे समभागाच्या भावात लक्षणीय हालचाल झाल्यास २४ तासांच्या आत तिची पुष्टी, इन्कार वा खुलासा करावा लागतो. मात्र ती अफवा मुख्य प्रवाहातील प्रसारमाध्यमांत आलेली असली पाहिजे. टेलिग्रामवरील कुजबुजीला उत्तर देण्याचे बंधन कंपनीवर नाही. शिवाय भाव फुगवण्यासाठी निवडल्या जातात त्या कंपन्या या अडीचशेंत सहसा नसतातच. तेव्हा 'कंपनीने इन्कार केला नाही, त्या अर्थी बातमी खरी असणार' हा युक्तिवाद छोट्या कंपन्यांच्या बाबतीत पोकळ आहे.

हितसंबंध असूनही खरे बोलणारे

अशी प्रकरणे वाचून सुजाण वाचक एका निष्कर्षाकडे झुकतो: ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे, त्याचे ऐकूच नये. हा निष्कर्ष कसा महागात पडतो, याचा धडा अमेरिकेत मिळाला. हॅरी मार्कोपोलोस हा बोस्टनमधील एका गुंतवणूक संस्थेत काम करणारा विश्लेषक. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफ या मातबर वित्तव्यवस्थापकासारखा परतावा देणारी योजना तयार कर, असे त्याला वरिष्ठांनी सांगितले. त्याने आकडेमोड केली आणि असा परतावा प्रामाणिक मार्गाने मिळणेच शक्य नाही, या निष्कर्षास तो पोहोचला. २००० सालापासून तो तेथील रोखे नियामकाकडे तक्रारी करीत राहिला. नोव्हेंबर २००५ मधील त्याच्या टिपणात त्याने धोक्याच्या सुमारे तीस खुणा मांडल्या होत्या. १७४ महिन्यांपैकी अवघ्या सात महिन्यांत आणि तोही नगण्य तोटा कसा होऊ शकतो? मॅडॉफ जे पर्याय-करार खरेदी केल्याचे सांगतो, तेवढे करार साऱ्या बाजारात मिळून तरी उपलब्ध आहेत काय?

नियामकाच्या अधिकाऱ्यांनी काय केले? तक्रारदार हा स्पर्धक आहे, त्याला बक्षिसाची आशा आहे, अशा शंकेने त्यांनी त्याच्या आकड्यांकडे गांभीर्याने पाहिले नाही. ११ डिसेंबर २००८ रोजी मॅडॉफला अटक झाली तेव्हा ग्राहकांच्या खात्यांवर दाखवलेली, पण अस्तित्वातच नसलेली रक्कम सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. मार्कोपोलोसचा स्वार्थ होता, ही गोष्ट खरी. पण त्याचे टिपण त्याच्या सचोटीवर उभेच नव्हते. ते बाजारातील करारांच्या संख्येवर उभे होते आणि ती संख्या कोणालाही मोजता आली असती. यूट्यूबवरील 'अदानी येत आहेत' हे विधान आणि मार्कोपोलोसचे टिपण यांतील मूलभूत भेद तो हाच. एक केवळ सांगणाऱ्याच्या भरवशावर स्वीकारावे लागते. दुसरे सांगणाऱ्याला बाजूला सारूनही तपासता येते.

हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावरील अहवाल या दोहोंच्या मधल्या प्रदेशात मोडतो आणि म्हणूनच अभ्यासनीय आहे. २४ जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या या अहवालात भाव फुगवल्याचे आणि हिशेबांत गैरप्रकार केल्याचे आरोप होते. समूहाने ते सर्व फेटाळले आणि ४१३ पानी उत्तर दिले. तरीही समूहाच्या कंपन्यांचे बाजारमूल्य १०० अब्ज डॉलरांहून अधिक घसरले आणि अदानी एंटरप्रायझेसला २० हजार कोटींची समभाग विक्री १ फेब्रुवारी रोजी मागे घ्यावी लागली. हिंडेनबर्ग ही मंदीवाली संस्था. आधी विकायचे, भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचे, हा तिचा धंदा, आणि अदानींच्या रोख्यांत आपण असाच व्यवहार केला आहे, हे तिने अहवालातच नमूद केले होते. एवढ्यावर अनेकांनी तिला प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र दिले. पुढे जून २०२४ मध्ये सेबीने तिला बजावलेल्या नोटिशीत असे म्हटले, की अहवालाचा मसुदा प्रसिद्धीच्या सुमारे दोन महिने आधी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक निधीच्या व्यवस्थापकाला दाखवण्यात आला होता आणि त्या निधीने मंदीच्या व्यवहारातून मोठा नफा मिळवला. हितसंबंध जाहीर करणे चांगले. पण जाहीर केला तेवढाच हितसंबंध असेल, असे धरून चालता येत नाही.

अहवालातील आरोपांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ च्या निकालात तपास सेबीकडून काढून घेण्यास नकार दिला. वृत्तपत्रांतील लेख किंवा त्रयस्थ संस्थांचे अहवाल नियामकाला तपासासाठी माहिती म्हणून उपयोगी पडू शकतील, परंतु पडताळणीविना ते निर्णायक पुरावा ठरत नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दरम्यान, जानेवारी २०२५ मध्ये हिंडेनबर्गच्या संस्थापकाने संस्था बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने दोन आदेशांद्वारे संबंधित पक्षांशी व्यवहारांबाबतचे आरोप सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला. याच संस्थेने २०२० साली अमेरिकेतील निकोला या विद्युत-मालमोटार कंपनीवर केलेले आरोप मात्र बव्हंशी खरे ठरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या संस्थापकाला दोषी ठरवले. (मार्च २०२५ मध्ये त्याला अध्यक्षीय माफी मिळाली, हा भाग वेगळा.) तात्पर्य, एकदा खरा ठरलेला स्रोत पुढच्या वेळीही खरा ठरेल, किंवा एकदा न टिकलेला नेहमीच खोटा असेल, असे गृहीत धरता येत नाही. न्यायालयाने तपासयंत्रणेसाठी सांगितलेला भेद गुंतवणूकदारानेही पाळावा: अहवाल हा प्रश्नांचा साठा समजावा आणि उत्तरे ताळेबंदात, शेअर बाजाराकडील घोषणांत आणि तारण समभागांच्या आकड्यांत स्वतः शोधावीत.

अचूकपणाची भूल

एखाद्या स्रोताचे भाकीत वारंवार खरे ठरते, म्हणून तो विश्वासार्ह, हा सर्वांत फसवा निकष आहे. त्यामागची जुनी क्लृप्ती समजून घ्यावी. समजा, एका भामट्याने ६४०० लोकांना संदेश पाठवले. निम्म्यांना सांगितले की अमुक समभाग वर जाईल, निम्म्यांना सांगितले की खाली येईल. ज्या ३२०० जणांच्या बाबतीत भाकीत चुकले त्यांना तो सोडून देतो आणि उरलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग करतो. सहा फेऱ्यांनंतर शंभर माणसे उरतात. त्यांच्या दृष्टीने या गृहस्थाचे भाकीत सलग सहा वेळा अचूक ठरलेले असते. सातव्या वेळी तो शुल्क मागतो, आणि ते आनंदाने दिले जाते. चुकलेली भाकिते ज्यांनी पाहिली ते ६३०० जण या शंभरांना ओळखतही नाहीत. निरनिराळ्या नावांनी अनेक वाहिन्या चालवणाऱ्यास हे फारच सुलभ आहे. मार्च २०२२ मध्ये सेबीने अहमदाबाद, भावनगर, नीमच, दिल्ली आणि मुंबई येथे घातलेल्या छाप्यांत ज्या मंडळींची झडती झाली, ती मिळून नऊ टेलिग्राम वाहिन्या चालवीत होती आणि त्यांच्या सदस्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या कंपन्यांच्या निकालांचे प्रकरणही याच संदर्भात आठवते. २०१७ साली काही बड्या कंपन्यांचे तिमाही आकडे अधिकृत घोषणेपूर्वीच दलालांच्या गटांत 'बाजारात ऐकले' अशा शीर्षकाखाली फिरल्याचे उघड झाले. आकडे जाहीर निकालांशी तंतोतंत जुळत होते. सेबीने संदेश पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. परंतु रोखे अपील लवादाने २०२१ मध्ये तो रद्द केला. असे असंख्य अंदाज रोज फिरत असतात, त्यांपैकी थोडेच जुळले आणि ते आतून फुटलेल्या माहितीवर आधारलेले होते हे सिद्ध झालेले नाही, असा लवादाचा दृष्टिकोन होता. सर्वोच्च न्यायालयातही सेबीला यश आले नाही. जुळलेले आकडे आपल्याला दिसतात. न जुळलेले विसरले जातात.

नफ्याची चित्रे दाखवून शिकवणी विकणाऱ्यांच्या बाबतीत तर सेबीचीच आकडेवारी पुरेशी बोलकी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व पर्याय व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पडद्यावर झळकणारा नफा खरा आहे असे घटकाभर मानले, तरी तो उरलेल्या सात टक्क्यांचा आहे आणि दाखवणाऱ्याने आपला तोट्याचा दिवस दाखवलेला नाही, एवढे तरी लक्षात ठेवावे. बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरून समभागांविषयी बोलू नये, असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले, त्यामागेही शिक्षणाच्या आवरणाखाली 'टिपा' विकल्या जाऊ नयेत हाच हेतू होता.

काही व्यवहार्य तपासण्या

सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे काय, हे पाहणे ही पहिली पायरी. गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या आद्याक्षरांनी आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच' या आद्याक्षरांनी सुरू होतो. दोन्ही याद्या सेबीच्या संकेतस्थळावर आहेत. मात्र खऱ्या संस्थेचे नाव आणि क्रमांक चोरून वापरणारेही आहेत. म्हणून यादीतील दूरध्वनी आणि पत्ता आपल्याशी बोलणाऱ्याच्या तपशिलाशी जुळवून पाहणे आवश्यक ठरते. पैसे भरण्यापूर्वी समोरच्याचे बँक खाते वा यूपीआय पत्ता तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून 'सेबी चेक' ही सोय उपलब्ध झाली आहे. ठेवी स्वीकारणारी संस्था परवानाधारक आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी असली म्हणजे सल्ला बरोबर असेल असे नाही. चुकल्यास जाब विचारायला कोणीतरी आहे, एवढाच तिचा अर्थ.

चेहरा आणि आवाज यांचा आता पुरावा म्हणून काहीही उपयोग राहिलेला नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशिषकुमार चौहान विशिष्ट समभागांची शिफारस करीत असल्याची बनावट चित्रफीत एप्रिल २०२४ मध्ये फिरली. बाजाराला त्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीच पाळी रिझर्व्ह बँकेवर तिच्या गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींमुळे आली. बाजाराचे प्रमुख वा गव्हर्नर कोणता समभाग घ्यावा हे कधीच सांगत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चित्रफितीची तांत्रिक तपासणी करण्याची गरजच पडत नाही.

एकच बातमी दहा ठिकाणी दिसली, म्हणून ती दहापट खरी होत नाही. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतील इम्युलेक्स या कंपनीविषयी एका २३ वर्षांच्या तरुणाने बनावट प्रसिद्धीपत्रक एका प्रसिद्धी संस्थेमार्फत पाठवले. कंपनीचे प्रमुख राजीनामा देत आहेत आणि जुने हिशेब बदलावे लागणार आहेत, असे त्यात होते. नामांकित वृत्तसंस्थांनी ते तसेच पुढे दिले आणि समभाग तासाभरात साठ टक्क्यांच्या आसपास कोसळला. पत्रक पाठवणारा पूर्वी त्याच प्रसिद्धी संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे तिची कार्यपद्धती त्याला पाठ होती. वृत्त अनेकांनी दिले होते. मूळ उगम मात्र एकच होता. कंपनीला एक दूरध्वनी केला असता तर प्रकार तेथेच थांबला असता.

संशयास्पद संदेश आला आणि त्यावरून नुकसान झाले, तर तो पुसून टाकू नये. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल अशी त्याची प्रत जपून ठेवावी. वाहिन्या रातोरात नाहीशा होतात, चित्रफिती काढून टाकल्या जातात. नोंदणीकृत मध्यस्थाविरुद्धची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' यंत्रणेवर करता येते. पैसे एखाद्या अज्ञात खात्यात गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.